वारूळ घेतलं, बिऱ्हाडकरू राहिले

निसर्गापासून स्फूर्ती घेतलेल्या वास्तुरचनेचा विषय निघाला की एक स्लाइड हमखास येते. झिंबाब्वेच्या हरारे शहरातलं ईस्टगेट सेंटर. वास्तुविशारद मिक पियर्स, साल १९९६. वाळवीच्या वारुळावरून सुचलेली इमारत. रात्रीची गार हवा पंख्यांनी आत घ्यायची, काँक्रीट थंड करून ठेवायचं, आणि तापलेली हवा वरच्या धुराड्यांतून सोडून द्यायची. नेहमीचं एअर कंडिशनिंग नाही. इमारत म्हणून ती उत्तमच आहे. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी दाखवलं की खरं वारूळ असं चालतच नाही, ते श्वास घेतं, वायूंची देवाणघेवाण करतं. म्हणजे चुकीच्या समजुतीतून चांगली इमारत झाली. होतं असं कधी कधी.

माझा आक्षेप वेगळा आहे. ही इमारत 'जैवविविधतेला पूरक' या सदरात घातली जाते, तिथे मी अडतो. आफ्रिकेत वारुळाच्या सुपीक मातीवर आजूबाजूपेक्षा वेगळी झाडं वाढतात. आर्डवार्क ते उकरतो, त्या बिळात मग वॉर्टहॉग, म्हणजे तिकडचं रानडुक्कर, राहायला येतं. नाईल घोरपड वारुळात अंडी घालते. आपण 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून ज्याची टिंगल करतो ना, जैवविविधता बरीचशी तीच आहे! ईस्टगेटनं वारुळातली हवा उचलली, बिऱ्हाडकरू तिथेच ठेवले.

आता ब्रिटनमधली 'स्विफ्ट ब्रिक' बघा. एक पोकळ वीट, दर्शनी बाजूला भोक. बस. आफ्रिकेतून उन्हाळ्यात येणारी पाकोळी तिकडे जुन्या घरांच्या छपराखालच्या फटींत घरटं करते. दुरुस्तीत फट बुजली की परतलेल्या जोडीला दारच सापडत नाही. म्हणून ब्रायटनमध्ये २०२० पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींना ही वीट बसवण्याची अट घालतात. या विटेत निसर्गाचा आकार नाही, फोटोत ती दिसतही नाही. तरीही माझं माप तिच्या बाजूनं आहे.

अर्थात विटेनं राहण्याची सोय होते, खाण्याची नाही. पाकोळी उडते किडे खाते. ते येणार की नाही, हे आवारात काय लावलंय आणि औषध किती मारलंय यावर ठरतं. आणि तो भाग नकाशात बहुतेक वेळा 'लँडस्केप' या एका शब्दात उरकलेला असतो.