अंगठी, छडी आणि त्रिशूळ

अद्भुतरम्य कादंबऱ्यांविषयी आपल्या कॅथलिक घरांतून जो प्रश्न वारंवार विचारला जातो, तो बहुधा एकाच शब्दापाशी येऊन थांबतो, आणि तो शब्द म्हणजे जादू. मुलांनी जादूच्या शाळेची गोष्ट वाचावी काय? मंत्र, छडी, पिशाच्च आणि राक्षस यांनी भरलेली पुस्तके श्रद्धेस बाधक ठरणार नाहीत काय? या प्रश्नामागील कळकळ आम्हांस समजते. मुलांच्या हाती कोणते पुस्तक पडले आहे याची चौकशी करणारे आईवडील धर्मग्रामात आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि जादू आहे की नाही, एवढ्यावरून पुस्तकाचा निवाडा केल्यास एखादे उत्तम पुस्तक हातचे जाईल आणि एखादे सुमार पुस्तक सुखाने घरात शिरेल. अद्भुत कादंबरीस विचारावयाचा प्रश्न आमच्या मते निराळा आहे: या कथेत सामर्थ्य कशासाठी आहे, आणि अखेरचा विजय कशाने मिळतो? हा प्रश्न मनात धरून, मराठीत उतरलेल्या तीन गाजलेल्या कादंबऱ्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली जे. आर. आर. टोल्कीन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. मूळ ग्रंथ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. मुग्धा कर्णिक यांनी तो ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणला. दुसरी जे. के. रोलिंग यांची सात भागांची हॅरी पॉटर मालिका. ती १९९७ ते २००७ या काळात पूर्ण झाली, आणि तिच्या पहिल्या भागाचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. तिसरी आपल्याच देशातील अमीश त्रिपाठी यांची शिवत्रयी. तिचे तीन भाग इंग्रजीत २०१०, २०११ आणि २०१३ साली निघाले. पहिला भाग मराठीत ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने परिचित आहे.

मराठी वाचकास अद्भुत नवे नाही. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ सालची. ख्रिस्ती लेखकाची ही कादंबरी विधवांच्या दुःस्थितीविषयी होती आणि तिचे पाय जमिनीवर होते. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. १८६८ मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली. राजवाडे, भुयारे, योगायोग आणि विलक्षण सुटका यांवर एक पिढी पोसली गेली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीस पुन्हा वास्तवाच्या वाटेवर आणले, आणि अद्भुताची रवानगी बालवाङ्मयात व भयकथेत झाली. नारायण धारपांनी तेथे मोठा वाचकवर्ग मिळवला. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’मधील दोन दीर्घकथा सोडल्या, तर गंभीर प्रौढ वाचकासाठी अद्भुताचा कस लावणारे लेखन आपल्याकडे थोडेच झाले. ही जागा मोकळी राहिली म्हणूनच ती अनुवादांनी भरून काढली.

आता ख्रिस्तसभेची शिकवण पाहू. वर्ज्य ग्रंथांची सूची १९६६ साली बंद झाली. तेव्हापासून निवडीचा भार वाचकाच्या सद्सद्विवेकावर आहे. हॅरी पॉटरविषयी रोमने कधी बंदी घातली नाही. २००३ साली कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढील काळातील पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी एका जर्मन लेखिकेस लिहिलेल्या पत्रात अशा पुस्तकांच्या सूक्ष्म मोहाविषयी चिंता व्यक्त केली होती. त्याच वर्षी रोममधील एका वार्ताहर परिषदेत फादर पीटर फ्लीटवूड यांनी या पुस्तकांत आक्षेपार्ह काही नसल्याचे मत दिले होते. म्हणजे सुजाण कॅथलिकांतही येथे मतभेद संभवतात. मात्र १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात जादूटोणा निषिद्ध का, याचे जे कारण दिले आहे, ते लक्षपूर्वक वाचावे. गूढ शक्तींना आपल्या सेवेस जुंपणे आणि त्यांच्या योगे इतरांवर सत्ता गाजवणे, हे ते कारण. प्रेषितांच्या कृत्यांतील शोमरोनचा सिमोन आठवावा. प्रेषितांनी हात ठेवताच पवित्र आत्मा मिळतो हे पाहून तो पैसे पुढे करतो. त्याला देव नको आहे. देवाची शक्ती आपल्या हुकमतीत हवी आहे. पापाचे मूळ तेथे आहे.

शिवाय प्रत्यक्षातील जादूटोणा कादंबरीतून येत नाही. गुप्तधनाच्या लोभाने होणारे अघोरी प्रकार, अंगात आणणारे आणि गंडेदोरे विकणारे भोंदू यांची आमच्या विदर्भाला पुरेशी ओळख आहे. महाराष्ट्रास २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशा फसवणुकीपायी. गोष्टीतील छडी ही छडीच आहे हे मुलांना कळते. प्रौढांना मात्र भोंदूची छडी खरी वाटते, आणि तिच्यापायी घरे बुडतात.

सामर्थ्याची ही कसोटी आपल्या मातीस परकी नाही. सेलू तालुक्यातच, नागपूर-वर्धा रस्त्यावर, केळझर आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, आणि भीमाने बकासुरास मारले ते येथेच, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. गाडाभर अन्न, गाडा ओढणारी जनावरे आणि एक माणूस, हा राक्षसाचा कर सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या कथेचे मर्म आम्हांस भीमाच्या मुठीत दिसत नाही. ज्या घरावर पाळी येते, त्या घरात बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी जाते. आणि अजून नीट बोलताही न येणारे लहान लेकरू गवताची काडी उचलून, हिने मी राक्षसाला मारीन, असे बोबडे बोलते. शेजारी उतरलेली कुंती हे ऐकते आणि स्वतःचा मुलगा देऊ करते. राक्षस मरतो नंतर. त्याआधी प्रत्येकाने स्वतःस पुढे केलेले असते. अद्भुत कथा थोर कशी होते, हे आमच्या पंचक्रोशीतील या कथेनेच आम्हांस शिकवले आहे. हीच दृष्टी आता तिन्ही कादंबऱ्यांस लावून पाहू.

टोल्कीन हे निष्ठावंत कॅथलिक होते. त्यांच्या आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, १९०४ साली ती वारली, आणि बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी दोन्ही पोरक्या मुलांचे पालकत्व निभावले. १९१६ साली सोमच्या रणभूमीवर त्यांनी महायुद्धही जवळून पाहिले. असे असूनही त्यांच्या कादंबरीत चर्च नाही, पुरोहित नाही, येशूचे नाव नाही. श्रद्धा कथेच्या रचनेत मुरली आहे. सर्व सत्ता देणारी एक अंगठी आहे, आणि ती वापरावयाची नसून नष्ट करावयाची आहे. शहाणा गँडाल्फ ती घेत नाही, कारण आपण भले करण्याच्या इच्छेनेच बिघडू हे तो जाणतो. बोरोमीर मोहाला बळी पडतो, पण मरण्यापूर्वी अरागॉर्नजवळ आपला अपराध कबूल करतो. तो प्रसंग प्रायश्चित्त संस्काराची ओळख असलेल्या वाचकास कोणी समजावून द्यावा लागत नाही. सॅम हा माळी. अंगठी काही काळ त्याच्याजवळ येते, तेव्हा उजाड मुलुखाची प्रचंड बाग करण्याचे स्वप्न ती त्याला दाखवते. आपल्याला आपल्या हाताने राखता येईल एवढीच बाग पुरे, हे ओळखून तो ती परत करतो.

शेवट तर आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. अग्निपर्वताच्या काठावर पोचलेला फ्रोडो ऐन क्षणी हरतो आणि अंगठी आपली म्हणतो. त्याला वाचवते ती पूर्वी केलेली दया. ज्या गॉलमला ठार मारणे सोपे होते आणि ज्याला पुनःपुन्हा जीवदान मिळाले, तोच अंगठीसह कड्यावरून कोसळतो. मनुष्याचा निर्धार अपुरा पडतो तेथे कृपा कार्य करते, हे सत्य पुष्कळ प्रवचनांपेक्षा येथे अधिक ठसते. अंगठी नष्ट होते तो दिवस लेखकाने २५ मार्च ठेवला आहे, म्हणजे देवदूताने पवित्र मरीयेस दिलेल्या निरोपाचा सण. जाणत्याला खूण पटते. इतरांच्या वाचनात अडथळा येत नाही.

तरीही या ग्रंथात एक उणीव आहे. शत्रुपक्षातील ऑर्क या जमातीस दया मिळत नाही. लढाईत दोन मित्र आपण किती ऑर्क मारले याची चढाओढीने मोजदाद करतात. गॉलमसाठी दयेचा दरवाजा सताड उघडा ठेवणाऱ्या लेखकाने एका संपूर्ण जातीसाठी तो बंद ठेवावा, हे आम्हांस खटकते.

हॅरी पॉटरच्या पहिल्या भागास ‘परीस’ हे नाव देण्यात मराठी रूपाने एक वेगळीच छटा साधली आहे. युरोपातील किमयागारांचा तो दगड सोने आणि दीर्घायुष्य देणारा. आपल्या संतपरंपरेतील परीस मात्र सत्संगाची उपमा आहे, स्पर्शाने लोखंडाचे रूप पालटणारा. कथेतील घटना या दुसऱ्या अर्थाच्या जवळ जाते. तो दगड अशी योजना करून लपवलेला असतो की जो तो शोधू इच्छितो पण वापरू इच्छित नाही, त्यालाच तो मिळावा. मालिकेच्या अखेरीस हॅरी प्रतिकार न करता मरण पत्करण्यास रानात चालत जातो, आणि जगातील सर्वांत बलाढ्य छडी हाती आल्यावरही ती ठेवून घेत नाही. त्याला बालपणी वाचवलेले असते ते आईच्या आत्मबलिदानाने. शेवटच्या भागात दोन थडग्यांवर बायबलमधील वचने कोरलेली आहेत, एक पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील आणि दुसरे मत्तयकृत शुभवर्तमानातील. चेटकाच्या नावाने बदनाम झालेल्या पुस्तकाचा कणा हा असा आहे.

आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. या मालिकेत जादू नसलेले घर हे हास्यास्पद घर आहे. हॅरीच्या मावशीचे कुटुंब कोत्या मनाचे, खादाड आणि दुष्ट. जगण्याची सारी गोडी भिंतीपलीकडच्या निवडक लोकांपाशी. मावशीचे घर तसे असू शकते, हे खरे. पण दळणकांडण, अभ्यास, आजारी आजीची सेवा, रात्रीची रोझरी अशा साध्या कामांतील थोरवी मुलाला येथे सापडणार नाही. टोल्कीनचा माळी अखेर आपल्या घरी, बायकोमुलांत परततो, आणि कादंबरी तेथे संपते. हा भेद लहान नव्हे. त्याशिवाय पुढील भाग अकारण फुगले आहेत, हेही सांगितले पाहिजे.

शिवत्रयीविषयी लिहिताना प्रथम एक गोष्ट नमूद करतो. भगवान शंकर हे आमच्या शेजाऱ्यांचे आराध्यदैवत आहे. येथील मत केवळ कादंबरीतील पात्राविषयी आहे. त्रिपाठी यांची मूळ कल्पना धीट आहे. तिबेटातील एक टोळीनायक मेलुहात येतो, सोमरसाने त्याचा गळा निळा होतो आणि लोक त्याला त्राता मानू लागतात. तो शत्रूचा पराभव करतो आणि मग त्याला कळते की तो शत्रू दुष्ट नव्हताच. ज्यांना पूर्वजन्मीच्या पापाचे धनी म्हणून दूर ठेवले, त्या ‘विकर्मां’च्या बाजूने तो उभा राहतो, शरीराने विरूप म्हणून टाकून दिलेल्या नागांना कथेत मानाचे स्थान मिळते. टोल्कीनने जो दरवाजा बंद ठेवला, तो येथे उघडला आहे, आणि त्याचे श्रेय लेखकास मोकळ्या मनाने दिले पाहिजे. दुष्ट काय आहे याचे उत्तरही मार्मिक आहे: आयुष्य वाढवणारा सोमरसच नदी आटवतो, त्याचे विषारी अवशेष इतरांच्या मुलाबाळांना भोवतात. आपल्या सुखाचे मोल दुसरा कोणी तरी देत असतो, हा विचार ख्रिस्ती सामाजिक शिकवणीशी जुळणारा आहे.

मात्र शेवटी कादंबरी आपल्याच प्रश्नापासून माघार घेते. सतीच्या हत्येनंतर संतप्त नायक महास्त्र सोडतो आणि शत्रूची राजधानी भस्म होते. ज्याने शत्रूला ओळखण्यात झालेली चूक पाहिली, त्याच्यापाशी अखेर अस्त्राखेरीज काही उरत नाही. शोक समजतो; शोकाला लेखकाने दिलेली मुभा समजत नाही. पात्रांची भाषाही आजच्या कचेरीतल्या गप्पांसारखी असल्याने प्राचीनतेचा भास टिकत नाही.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. दहाबारा वर्षांच्या मुलास हॅरी पॉटरचे पहिले भाग निर्धास्तपणे द्यावेत. पुढील भाग अधिक काळोखे आहेत, ते त्याने थोडे मोठे झाल्यावर वाचावेत. शिवत्रयी महाविद्यालयीन तरुणांनी वाचावी आणि तिच्या शेवटाविषयी वाद घालावा. ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा ग्रंथ घरात असावा; मे महिन्याच्या सुट्टीत तो मोठ्याने वाचावा, एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे. वाचून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे: कोणाच्या हाती सामर्थ्य आले होते, आणि त्याने ते काय केले? या प्रश्नाने मुले आपोआप वाळवंटातील प्रभू येशूच्या तीन मोहांपाशी येतात, असा आमचा धर्मशिक्षणाच्या वर्गातील अनुभव आहे.

आणि एक अपेक्षा लेखकांकडून. केळझरच्या टेकड्या आणि बोरचे जंगल ही अद्भुत कथेची तयार भूमी आहे. ती परदेशातून आणावी लागणार नाही. पदमनजींनी मराठी ख्रिस्ती लेखणीस वास्तवाची वाट दाखवली. गवताची काडी हाती घेऊन उभ्या राहिलेल्या त्या लेकराची कथा आजच्या मराठीत, प्रौढांसाठी, आपल्यापैकी कोणी लिहील काय? अशी कादंबरी आल्यास तिचे परीक्षण करण्याचा आनंद आम्हांस व्हावा.