परदेशी संस्थांना धर्मादाय अनुदान : दायित्व कोणाचे?

दानाची अंगे सांगताना धर्मशास्त्रकारांनी दाता व देय वस्तू ह्यांच्या जोडीला प्रतिग्रहीत्याचाही विचार केला आहे. दान सत्पात्री पडावे हा दंडक जुना आहे आणि पात्र ओळखण्याचा भार त्या विचारात दात्यावरच टाकलेला आहे. आधुनिक राज्यात हाच प्रश्न करविषयक कायद्याच्या भाषेत विचारला जातो. ज्या दानावर राज्याने करसवलत दिली, त्या दानाचा पैसा राज्याच्या सीमेपलीकडे गेल्यावर तो धर्मादाय कार्यालाच लागला, हे कोणी, कसे आणि कोणाच्या खर्चाने सिद्ध करावयाचे? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी ह्या प्रश्नाला दिलेले उत्तर सर्वांत तपशीलवार आहे; आणि त्या देशातील प्रतिष्ठानांचा पैसा जगभर जात असल्यामुळे ते उत्तर इतर देशांतील संस्थांनाही बांधून टाकते. ह्या उत्तराची चिकित्सा करताना नियमांचा मूळ पाठ आणि त्यांचा रूढ व्यवहार ह्यांत भेद करणे आवश्यक आहे. तो न केल्यामुळेच ह्या विषयावरील बरीचशी चर्चा एकतर निर्बंधांच्या समर्थनात किंवा त्यांच्या सरसकट निषेधात संपते.

पहिली लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या नियमाचा आज परदेशी संस्थांच्या संदर्भात सर्वाधिक उल्लेख होतो, तो मुळात परदेशी संस्थांसाठी रचलेलाच नव्हता. टेक्ससचे लोकप्रतिनिधी राइट पॅटमन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात खाजगी प्रतिष्ठानांच्या कारभाराची दीर्घ चौकशी चालविली होती. प्रतिष्ठानांचा पैसा मतदार-नोंदणीच्या मोहिमांत आणि राजकीय व्यक्तींच्या साहाय्यकांना दिलेल्या अनुदानांत जातो, हा आक्षेप त्या काळी जोरात होता. १९६८ साली रॉबर्ट केनेडी ह्यांच्या हत्येनंतर त्यांच्या सहकाऱ्यांना फोर्ड प्रतिष्ठानाने दिलेली अनुदाने ह्या वादाच्या केंद्रस्थानी आली. ह्या वातावरणात १९६९ चा करसुधारणा कायदा संमत झाला. महसूल संहितेच्या ४९४५ व्या कलमाने असे ठरविले की, मान्यताप्राप्त सार्वजनिक धर्मादाय संस्था नसलेल्या संस्थेला खाजगी प्रतिष्ठानाने अनुदान दिल्यास त्याच्या विनियोगाचे दायित्व प्रतिष्ठानाने पत्करावे. न पत्करल्यास त्या रकमेवर दंडात्मक कर भरावा. परदेशी संस्थेजवळ अमेरिकी महसूल खात्याची मान्यता सहसा नसतेच. त्यामुळे देशांतर्गत राजकारणासाठी विणलेल्या ह्या जाळ्यात ती आपोआप सापडली. तिच्याविषयी संशय होता म्हणून नव्हे, तर तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता म्हणून.

सार्वजनिक धर्मादाय संस्थांची वाट ह्याहून निराळी आहे. अमेरिकी नागरिकाने परदेशी संस्थेस थेट दिलेल्या देणगीवर सर्वसाधारणपणे वजावट मिळत नाही. देशी संस्थेमार्फत दिली तर मिळते. परंतु १९६३ आणि १९६६ च्या महसुली निर्णयांनुसार ती देशी संस्था केवळ पैसे पुढे वाहून नेणारी नळी असता कामा नये. पैसा कोठे जावा ह्याचा निर्णय आणि त्यावरील नियंत्रण तिच्याच हाती असले पाहिजे. येथेही तत्त्व तेच आहे : दायित्व देणाऱ्याचे.

आता ४९४५ व्या कलमाखालील नियमांचा पाठ पाहावा. अनुदानापूर्वी चौकशी करावी. लेखी करार करावा. करारात पैसा ठरलेल्या कार्यालाच लावण्याचे, न लागलेला परत करण्याचे, वार्षिक अहवाल देण्याचे, हिशेब खुले ठेवण्याचे आणि निवडणूक किंवा कायदे करणाऱ्या सभांवर दबाव ह्यांसाठी तो न वापरण्याचे वचन असावे. परदेशी अनुदानग्राही संस्थेने ती रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी. आणि प्रतिष्ठानाने हे सर्व आपल्या वार्षिक विवरणपत्रात महसूल खात्याला कळवावे. ह्या अटी कडक आहेत, परंतु अवाजवी नाहीत. त्याहून महत्त्वाची आहेत ती दोन विधाने, ज्यांच्याकडे व्यवहारात दुर्लक्ष होते. एक, अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या कृत्यांना दाता विमा कंपनीप्रमाणे जबाबदार नसतो. त्याने वाजवी प्रयत्न केले की पुरे. दोन, पूर्वचौकशी किती खोल असावी हे अनुदानाची रक्कम, मुदत, हेतू आणि त्या संस्थेशी आलेला पूर्वानुभव ह्यांवर अवलंबून राहते. पैसा भलतीकडे वळविला गेला तरी तो परत मिळविण्याचे वाजवी प्रयत्न आणि खात्री पटेपर्यंत पुढील हप्ते रोखणे एवढे दात्याने केले, तर त्याच्यावर करभार येत नाही. म्हणजे मूळ नियमाला प्रमाण समजते. त्याची अपेक्षा विवेकी मनुष्याच्या सावधगिरीची आहे, सर्वज्ञतेची नव्हे.

दुसरा मार्ग समकक्षता-निर्णयाचा. परदेशी संस्था अमेरिकी सार्वजनिक धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे, असा निष्कर्ष प्रतिष्ठानाने सद्भावपूर्वक काढल्यास विनियोग-दायित्वाची वरील प्रक्रिया टळते. १९९२ च्या महसुली कार्यपद्धतीनुसार हा निष्कर्ष अनुदानग्राही संस्थेच्या प्रतिज्ञापत्रावर आधारता येत असे. २०१५ च्या अंतिम नियमांनी केवळ प्रतिज्ञापत्रावर विसंबण्याची सोय काढून घेतली आणि अमेरिकी करव्यवसायाचा परवाना असलेल्या तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याला महत्त्व दिले. २०१७ च्या कार्यपद्धतीने त्या सल्ल्यासाठी लागणारी माहिती विस्ताराने सांगितली. ह्या बदलाची बाजू अशी की, प्रतिज्ञापत्रे पुष्कळदा साच्यातली असत आणि सल्ला देणारा तज्ज्ञ निदान उत्तरदायी असतो. शिवाय २०१३ साली सुरू झालेल्या एनजीओसोर्स ह्या उपक्रमामुळे एकदा झालेला निर्णय अनेक प्रतिष्ठानांच्या उपयोगी पडू लागला. तथापि दुसरी बाजूही विसरता येत नाही. ह्या बदलानंतर संस्थेने स्वतःविषयी केलेले विधान आणि तिच्या देशातील वकिलाचे मत ही दोन्ही एकट्याने अपुरी ठरली. संस्थेची ओळख आता परदेशी तज्ज्ञाच्या लेखणीतूनच सिद्ध होते.

तिसरा थर २००१ नंतरचा. त्या वर्षीच्या सप्टेंबरमधील १३२२४ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशाने दहशतवादाशी संबंधित म्हणून घोषित झालेल्या व्यक्तींशी व संस्थांशी व्यवहार निषिद्ध केला. २००२ साली अमेरिकी अर्थखात्याने धर्मादाय संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; टीका झाल्यावर त्या २००५ आणि २००६ मध्ये सुधारल्या गेल्या. ह्या सूचना ऐच्छिक म्हणून प्रसिद्ध झाल्या. परंतु ज्या सत्तेच्या हाती मालमत्ता गोठविण्याचा अधिकार आहे, तिनेच ऐच्छिक म्हणून दिलेला सल्ला ऐच्छिक राहतो काय, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला पाहिजे. विधीचे बंधन आणि भयाचे बंधन ह्यांतील सीमारेषा ह्या पाठात जाणूनबुजून पुसट ठेवलेली दिसते.

नावांच्या याद्या तपासणे हा ह्या थराचा सर्वांत दृश्य भाग. परंतु यादीत नाव नसणे म्हणजे केवळ नाव नसणे; पैशाचा विनियोग योग्य झाला असा त्याचा अर्थ होत नाही. होली लँड फाउंडेशनच्या खटल्यात, ज्याचा निकाल २००८ साली डॅलस येथे लागला, ज्या स्थानिक समित्यांना पैसा दिला गेला त्यांची नावे सरकारी यादीत नव्हती. तरीही त्या हमासच्या नियंत्रणाखाली होत्या हा अभियोगपक्षाचा दावा मान्य होऊन दोषसिद्धी झाली. उलटपक्षी एका निरपराध संस्थेच्या चिटणीसाचे नाव देवनागरीतून रोमन लिपीत जाताना यादीतील एखाद्या नावाशी जुळले, तर खुलासे देण्यात तिचे महिने जातात. थोडक्यात, यादी तपासणे आवश्यक असले तरी ते पुरेसे नाही.

ह्या तिन्ही थरांचा एकत्रित परिणाम पाहिला म्हणजे मुख्य निष्कर्ष स्पष्ट होतो. कायद्याने दायित्व दात्यावर ठेवले. व्यवहाराने ते प्रतिग्रहीत्याकडे सरकविले. दंडात्मक कर प्रतिष्ठानावरच आहे. २००६ च्या कायद्याने त्याचा पहिला दर १० टक्क्यांवरून २० टक्के झाला. चूक न सुधारल्यास तो १०० टक्क्यांवर जातो. जाणूनबुजून संमती देणाऱ्या व्यवस्थापकावरही वेगळा कर बसतो. हे भय टाळण्यासाठी सल्लागार प्रत्येक करारात अधिक कलमे घालतो, अधिक कागद मागतो. नियमाने सांगितलेले प्रमाण मागे पडते आणि अल्प रकमेच्या अनुदानालाही मोठ्या रकमेचीच प्रश्नावली लागू होते. कायदा ज्याला विमा कंपनी मानीत नाही, तो दाता स्वतःला तसे मानू लागतो. आणि त्या विम्याचा हप्ता मात्र घेणाऱ्याच्या वेळातून, मनुष्यबळातून व पैशातून भरला जातो.

हा हप्ता किती जड असतो, हे महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या संस्थेचे काल्पनिक उदाहरण घेतल्यास कळते. ती १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली असते. शिवाय मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, जो पुढे महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाऊ लागला, त्याखाली तिची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते आणि तिचे हिशेब दरवर्षी तपासून तेथे सादर होतात. तिची घटना, ठराव, सभांचे वृत्तांत, रोजकीर्द व खतावणी मराठीत असतात. अमेरिकी निर्णयासाठी कागद इंग्रजीत किंवा इंग्रजी भाषांतरासह लागतात. संस्था विसर्जित झाल्यास मालमत्ता धर्मादाय कार्यालाच जाईल काय, असा प्रश्न तिला येतो. तिच्या राज्यातील कायदा तिच्यावर काय बंधने घालतो हे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरावरून समजू शकते. परंतु त्या दप्तराला अमेरिकी कसोटीत स्वतंत्र स्थान नाही. एका राज्यसंस्थेने केलेली तपासणी दुसऱ्या राज्याच्या दृष्टीने केवळ पुरवणी कागद ठरते.

भारतीय कायद्याने हा पेच अधिक घट्ट केला आहे. परकीय अभिदायाचे नियमन करणारा पहिला कायदा १९७६ चा, त्याची जागा घेणारा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीने नोंदणीकृत संस्थेला मिळालेली परकीय रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली, अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच घेण्याचे बंधन घातले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ह्या दुरुस्तीची प्रमुख कलमे वैध ठरविली. येथील विसंगती अशी : अहवाल लिहिण्याचा, हिशेब ठेवण्याचा आणि कायदेविषयक सल्ल्याचा खर्च भारतीय नियमांत प्रशासकीय गणला जातो, अमेरिकी दात्याला मात्र अहवाल, हिशेब आणि सल्ला हेच अधिकाधिक हवे असतात. एक राज्य कागद वाढविते, दुसरे राज्य कागदाचा खर्च आवळते. पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशी दात्याचे सोपस्कार स्वतः पार पाडून लहान संस्थांना वाटा देऊ शके. ती वाटही आता उरलेली नाही. परिणामी अनुदान तेथेच जाते, जेथे इंग्रजी जाणणारा हिशेबनीस आधीपासून आहे. गरज आणि गुणवत्ता ह्यांऐवजी कागद सांभाळण्याची ऐपत ही पात्रतेची कसोटी होऊन बसते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, अपहार होतात, दानाच्या नावाखाली हिंसेला पैसा पुरविला जातो, आणि करसवलतीचा भार सामान्य करदात्यावर पडतो. तेव्हा निर्बंध सैल करणे हा उपाय कसा? आक्षेप रास्त आहे. परंतु तो निर्बंधांच्या अस्तित्वाचे समर्थन करतो, त्यांच्या विद्यमान वाटपाचे नव्हे. फायनॅन्शियल ॲक्शन टास्क फोर्स ह्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा अनुभव ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याने धर्मादाय संस्था दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याला विशेष बळी पडण्याजोग्या आहेत, असे सरसकट विधान केले होते. २०१६ साली ते मागे घेऊन निर्बंध खरोखर जोखीम असलेल्या संस्थांपुरते असावेत असे ठरविले, आणि २०२३ मध्ये प्रमाणबद्धतेवर पुन्हा भर दिला. सरसकट संशयाने सुरक्षितता वाढत नाही, हे पंधरा वर्षांनंतर त्या मंडळाला मान्य करावे लागले. अमेरिकी विनियोग-नियमांत हेच प्रमाणाचे तत्त्व आरंभापासून नमूद आहे.

तेव्हा सुधारणेची दिशा नवा कायदा शोधण्याची नसून जुन्या कायद्याचे नीट वाचन करण्याची आहे. पूर्वचौकशीची खोली अनुदानाच्या आकाराशी जुळावी. भाषांतर, हिशेबतपासणी आणि सल्ला ह्यांचा खर्च दात्याने आपल्या स्वतःच्या अंदाजपत्रकात धरावा व आपल्या देशातच भागवावा, म्हणजे तो अनुदानग्राही संस्थेच्या मर्यादित प्रशासकीय खर्चातून जाणार नाही. यजमान देशातील धर्मादाय नियंत्रकाच्या नोंदींना पुराव्याचे मूल्य मिळावे. ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी कोणत्याही संसदेची अनुमती लागत नाही. प्रतिष्ठानांच्या विश्वस्तांनी ठरविले की पुरते. दायित्व हा शब्द कायद्याने ज्याच्या नावापुढे लिहिला आहे त्याने तो उचलला, तर पात्रापात्रविवेक पुन्हा दात्याचे कर्तव्य होईल. तोवर सत्पात्रता सिद्ध करण्याचा सारा भार पात्रावरच राहील, आणि ज्या संस्थांना तो पेलत नाही त्यांच्यापर्यंत दान पोहोचणार नाही.