लहान मायक्रोकंट्रोलर व व्हर्च्युअल मशीन : मेमरीच्या बचतीचा हिशोब

मायक्रोकंट्रोलरची मेमरी अपुरी पडली की त्यावर एक छोटे व्हर्च्युअल मशीन बसवावे, असा उपाय नेहमी सुचविला जातो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांतही "यामुळे मेमरी वाचते" हे वाक्य हमखास आढळते. उपाय जुना आणि उपयुक्त आहे; परंतु कोणती मेमरी वाचते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रथम बचतीची बाजू पाहू. ६५०२ या ८ बिटच्या प्रोसेसरसाठी स्टीव्ह वॉझनियाक यांनी 'स्वीट१६' हे व्हर्च्युअल मशीन लिहिले व १९७७ मध्ये 'बाइट' मासिकातून त्याची माहिती दिली. १६ बिटच्या दोन संख्यांची बेरीज करण्यास ६५०२ च्या मूळ सूचनांत १३ बाइट लागतात. स्वीट१६ मध्ये एक बाइट पुरतो. मात्र इंटरप्रिटर स्वतःच सुमारे ३०० बाइटचा. म्हणजे अशा २५ बेरजा होईपर्यंत व्यवहार तोट्याचाच, शिवाय वेग सुमारे दहापट कमी. ॲपल २ संगणकात इंटरप्रिटर आधीच रॉममध्ये होता, म्हणून हा खर्च वापरणाऱ्यास जाणवला नाही, इतकेच.

ही सर्व बचत प्रोग्रामच्या जागेची आहे. चलांसाठी लागणाऱ्या रॅमची गोष्ट नेमकी उलट. पॅरलॅक्स कंपनीच्या १९९२ मधील 'बेसिक स्टॅम्प'मध्ये इंटरप्रिटर पीआयसी१६सी५६ या चिपमध्ये होता आणि वापरणाऱ्याचा प्रोग्राम बाहेरच्या २५६ बाइटच्या ईईप्रॉममध्ये. प्रोग्राम पुन्हा पुन्हा बदलता येऊ लागला, हा मोठाच लाभ. पण चिपमधील २५ बाइट रॅमपैकी चलांसाठी मिळत अवघे १४ बाइट.

आजही स्थिती तीच आहे. एटीमेगा३२८पी मध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश व २ किलोबाइट रॅम असते. त्याच्या सूचना फक्त फ्लॅशमधूनच चालतात. व्हर्च्युअल मशीनमुळे प्रोग्राम एसडी कार्डवर ठेवता येतो, हे खरे. परंतु कार्डाचा एक ब्लॉक ५१२ बाइटचा. तो रॅममध्ये घेतला की चौथा हिस्सा तिथेच संपला!

या संदर्भात दिमित्री ग्रिनबर्ग यांच्या २०१२ मधील प्रयोगाचा दाखला दिला जातो. त्यांनी ८ बिटच्या एटीमेगा१२८४पी वर आभासी एआरएम प्रोसेसर उभा करून लिनक्स चालविले. प्रयोग विलक्षण आहे, पण दाखला गैरलागू. तेथे १६ मेगाबाइट रॅम बाहेरून जोडली होती, आणि लिनक्सचा पहिला प्रॉम्प्ट दिसण्यास सुमारे दोन तास लागत.

लांबलचक, क्वचित चालणारा व घाई नसलेला प्रोग्राम असेल, उदाहरणार्थ मेनू किंवा पाण्याच्या झडपांचा क्रम, तर व्हर्च्युअल मशीन जरूर वापरावे. रॅम संपत असेल तर आधी साधी गोष्ट तपासावी : एव्हीआरवर सी भाषेतील संदेशांची अक्षरे एरवी रॅममध्ये उतरविली जातात. ती फ्लॅशमध्येच ठेवली तर अनेकदा शेकडो बाइट मोकळे होतात, तेही इंटरप्रिटरशिवाय.