नवख्यास उपदेश : ‘एल्डन रिंग’ या खेळाच्या निमित्ताने

संगणकीय खेळ हा विषय या पत्रिकेच्या वाचकांस काहीसा अपरिचित वाटेल. परंतु एखादी दुर्बोध कृती आणि तिच्याभोवती वाढणारे उपदेशपर वाङ्मय यांचा संबंध हा आपला नित्याचाच प्रश्न होय. त्याचे एक स्वच्छ उदाहरण या खेळात सापडते.

‘फ्रॉमसॉफ्टवेअर’ या जपानी संस्थेचा ‘एल्डन रिंग’ हा खेळ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे असून त्यातील जगाचा पूर्वेतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचला. हे अद्भुत जग विस्तीर्ण व मोकळे आहे. कोठे जावे, याची सक्ती जवळजवळ नाही. मृत्यू मात्र पदोपदी आहे. मरताना जवळची ‘रून्स’ ही सारी कमाई जागच्या जागी पडते, आणि ती परत मिळविण्यापूर्वी पुन्हा मृत्यू आल्यास कायमची जाते. अशा स्थितीत नवख्यास उपदेशाची गरज भासावी, हे स्वाभाविकच आहे.

या उपदेशाचे परीक्षण करताना आपल्या व्याकरणातील आख्यातार्थांची विभागणी उपयोगी पडते. काही उपदेश आज्ञार्थी असतो : अमुक ठिकाणी जा, तमुक तलवार उचल. काही विध्यर्थी असतो : प्रथम प्राणशक्ती, म्हणजे ‘व्हिगर’, वाढवावी. तिसरा संकेतार्थी होय : शत्रू आवाक्याबाहेरचा वाटला, तर दुसरी वाट धरता येते. हे भेद केवळ क्रियापदाच्या रूपाचे नाहीत; उपदेशक आणि श्रोता यांच्यामध्ये निर्णयाची वाटणी कशी झाली आहे, हे त्यांवरून कळते.

खेळाच्या आरंभीचेच उदाहरण घ्यावे. ‘लिमग्रेव्ह’ प्रांतात पाऊल टाकताच सुवर्णकवचधारी घोडेस्वार समोर फिरताना दिसतो. नवखा त्याच्याशी झुंजतो व मरतो. येथे रचनाकार जे सांगू पाहतो, ते शब्दांवाचून सांगतो : प्रत्येक विरोधक आत्ताच जिंकण्यासाठी नाही, वळसा घाल, बळ वाढव, मग परत ये. पुढे ‘स्टॉर्मव्हेल’ किल्ल्याच्या वाटेवर ‘मार्गिट’ अडवतो, तेव्हा हाच पाठ पुन्हा गिरवला जातो. विश्रांतिस्थानांपासून निघणारे सोनेरी किरण याच किल्ल्याकडे बोट दाखवतात; तरी दक्षिणेकडील ‘वीपिंग पेनिन्सुला’ हा द्वीपकल्प आधी पाहण्यास कोणी अडवीत नाही. त्या घोडेस्वाराचे नाव ऐकूनही नवखा परत फिरेल. पण परत फिरण्याचे कारण ज्यास कळले, तोच मार्गिटपुढे स्वतःहून शहाणा होईल.

म्हणून उत्तम उपदेशाची कसोटी अशी सांगता येईल : ज्या प्रसंगासाठी तो दिला, त्याबाहेरही तो चालतो काय? व्हिगरविषयीचा उपदेश वरवर विध्यर्थी असला, तरी त्याच्या पोटी संकेत आहे. नवख्याच्या हातून चुका होणारच. आयुष्याची मर्यादा वाढली, तर एका चुकीने मरण येत नाही, आणि शत्रूची चाल पाहण्यास अवधी मिळतो. हे कारण सांगितले, तर तो ज्ञान ठरतो. न सांगितल्यास केवळ पाठांतर. बलाढ्य शस्त्राचा पत्ता सांगणारी आज्ञा मात्र या कसोटीस सहसा उतरत नाही. ती अडचण दूर करते, परंतु अडचणीतून जे कळावयाचे, तेही तिच्याबरोबर जाते.

खेळाच्या अंतर्गत असलेली संदेशपद्धती या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. खेळाडूंना जमिनीवर परस्परांसाठी संदेश ठेवता येतात. मात्र ते ठरीव वाक्यसाचे आणि मर्यादित शब्दसंग्रह यांतूनच जुळवावे लागतात. परिणामी सविस्तर आज्ञा देणे अशक्यप्राय होते. उरते ती सूचना. तीही खोटी असू शकते : भरीव भिंतीपुढे गुप्त मार्गाची ग्वाही देणारे थोडे नाहीत. वाचकास प्रत्येक वाक्य पारखून घ्यावे लागते. एखाद्या संदेशास कोणी दाद दिली, की तो लिहिणाऱ्याची प्राणशक्ती भरून येते. म्हणजे उपदेशाचे मोल येथे श्रोता ठरवतो.

यावर असा आक्षेप येईल की, ज्यास वेळ थोडा व हात मंद, त्यास आज्ञार्थी उपदेशाशिवाय हे जग बंदच राहील. आक्षेप रास्त आहे. खेळ सोडून देण्यापेक्षा तलवारीचा पत्ता विचारणे केव्हाही बरे. परंतु तो शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. बालपणी इंग्रजी अद्भुतकथा पूर्णपणे न समजताही आपण वाचीत असू, आणि न कळलेल्या जागा कल्पनेने भरीत असू, असे मियाझाकी यांनी सांगितले आहे. त्यांच्या कृतीतील रिकाम्या जागा या त्याच जातीच्या आहेत. त्या आधीच भरून देणारा उपदेशक नवख्याचे श्रम वाचवतो, आणि त्याचबरोबर त्याचे वाचनही स्वतःच उरकून टाकतो.

परीक्षेची मार्गदर्शिका आधी आणि मूळ ग्रंथ नंतर, किंबहुना कधीच नाही, हा क्रम आपल्या वर्गांनाही अपरिचित नाही. टीकाकार आणि अध्यापक यांनी आपल्या वाक्यांतील आख्यातार्थ अधूनमधून तपासून पाहावा, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.