सिनरच्या वर्तुळात पाणी कुठंय?

माझ्या मावशीला मी 'मिल्किंग पार्लरच्या धुण्यावर पीएचडी करतेय' असं सांगितलं, तेव्हा तिला आधी ब्युटी पार्लर आठवलं. म्हणून नवीन वाचकांसाठी आधी खुलासा. जिथे गाई ओळीने येऊन उभ्या राहतात, माणूस खालच्या खड्ड्यात उभा राहून त्यांच्या सडांना मशीनचे कप लावतो आणि दूध पाइपलाइनमधून थेट टाकीत जातं, ती जागा म्हणजे मिल्किंग पार्लर. नगर, पुणे, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात मुक्त संचार गोठे वाढले तसे काही ठिकाणी पार्लरही आले. धार काढून झाली की ही सगळी नळ्यांची जंजाळ धुवावी लागते. दिवसातून दोनदा, वर्षाचे ३६५ दिवस, आणि मे महिन्यातसुद्धा, जेव्हा बोअरला तासभरच पाणी येत असतं.

आज कुठल्या पेपरची ओळख करून देत नाहीये. आज एका चित्राशी भांडायचं आहे.

धुलाईवरचं कुठलंही प्रशिक्षण, कुठलीही पुस्तिका, कुठलंही प्रेझेंटेशन घ्या, त्यात हे चित्र असतंच. एक वर्तुळ, त्याचे चार तुकडे: रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक जोर. याला सिनरचं वर्तुळ म्हणतात. हर्बर्ट सिनर हे हेंकेल या जर्मन कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ. १९५९ च्या सुमारास त्यांनी ही मांडणी केली ती घरगुती वॉशिंग मशीनमधल्या कपड्यांसाठी. सांगणं सोपं आणि हुशारीचं आहे: एक तुकडा लहान केलात तर दुसरा मोठा करावा लागेल. पाणी कोमट असेल तर जास्त वेळ भिजवा. पावडर कमी असेल तर जास्त घासा. आपल्या आजीलाही हे माहीत होतं, फक्त तिने वर्तुळ काढलं नव्हतं.

आता त्या चार तुकड्यांत पाणी शोधा. नाहीये.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग विचार केल्यावर पटलं की कपड्यांच्या बाबतीत यात फार बिघडत नाही. मशीनमध्ये किती पाणी घ्यायचं ते मशीन ठरवतं, आपण फक्त बटण दाबतो. शिवाय पाणी हा पाचवा तुकडा नाहीच. ते चारही तुकडे वाहून नेणारं माध्यम आहे, त्यामुळे काहीजण नंतर ते वर्तुळाच्या मधोमध काढतात. पण पार्लरमध्ये पाणी किती घ्यायचं ते माणूस ठरवतो, बोअर ठरवतो आणि आता 'पाणी वाचवा' म्हणणारी पुस्तिकाही ठरवते. चित्रात पाणीच नसेल, तर ते कमी केल्यावर काही बिघडलं असं चित्राकडे बघून कधी कळणारच नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो नळ्यांच्या आतपर्यंत जातो.

नळीत काय होतं ते बघा. धार संपल्या संपल्या पहिली धुवण द्यायची, ३५ ते ४५ अंशांच्या कोमट पाण्याची. जास्त गरम पाणी घेतलं तर दुधातली प्रथिनं शिजून नळीला चिकटतात आणि गार घेतलं तर स्निग्धांश थिजतो. हे पाणी फिरवायचं नाही, सरळ बाहेर सोडायचं. मग अल्कलीचं गरम द्रावण फिरवायचं. सुरुवातीला ते सत्तर-पंचाहत्तर अंश असतं आणि शेवटी पंचेचाळीसच्या खाली उतरू द्यायचं नाही, नाहीतर सुटलेला स्निग्धांश परत जाऊन बसतो. मग साध्या पाण्याने विसळायचं. अधूनमधून आम्लाची फेरी, कारण पाण्यातला आणि दुधातला कॅल्शियम साचून दगडासारखा थर होतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात तो लवकर होतो.

आणि यात यांत्रिक जोर कुठून येतो? ब्रश तर आत जात नाही. व्हॅक्यूमने पाणी ओढलं जातं आणि मध्येमध्ये हवा आत सोडली जाते, त्यामुळे पाण्याचा अख्ख्या नळीभर जाडीचा एक लोंढा तयार होतो आणि सेकंदाला ७ ते १० मीटर वेगाने धावतो. नळीची वरची बाजू धुतली जाते ती या लोंढ्यामुळे. टबात पाणी कमी पडलं की नळी हवा ओढायला लागते, लोंढा फुटतो आणि पाणी तळातून ओहोळासारखं वाहतं. वरची बाजू कोरडी राहते. पाणी कमी, म्हणून ते थंडही लवकर होतं. थंड झालं म्हणून रसायन नीट काम करत नाही. त्या थोड्या पाण्यात सुटलेली घाण मात्र तेवढीच, म्हणजे द्रावण जास्त मळकं. एका तुकड्याची कसर दुसऱ्याने भरून काढायची म्हणता, इथे तर चारही तुकडे एकदम आक्रसले! (उलटंही खरं आहे. पाणी फार झालं तर नळी तुडुंब भरते आणि लोंढा होतच नाही. 'जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ' हाही भ्रमच.)

आयर्लंडमध्ये याची किंमत मोजून झाली आहे. तिथल्या लोण्यात ट्रायक्लोरोमीथेन, म्हणजे क्लोरोफॉर्म, अंशमात्र सापडायला लागलं. क्लोरीनयुक्त डिटर्जंट आणि नळीत राहिलेलं दूध एकमेकांना भेटलं की ते तयार होतं, आणि ते स्निग्धांशात विरघळत असल्याने लोणी काढताना तिथेच गोळा होतं. कारणं शोधली तेव्हा त्यात ठळक होतं आधी आणि नंतर पुरेसं पाणी न फिरवणं. तिथल्या टीगास्क या कृषी संस्थेचा सल्ला तेव्हापासून मला पाठ आहे: प्रत्येक युनिटमागे विसळायला १४ लिटर पाणी, डिटर्जंटच्या द्रावणाला ९ लिटर. शेवटी २०२१ पासून तिथे दूध यंत्रांच्या धुलाईतून क्लोरीनच बाहेर काढलं गेलं. क्लोरीन गेल्यावर त्याचं काम कोणी करायचं? गरम पाण्याने. फिरून पुन्हा पाण्यापाशीच.

आता त्या 'पाणी पुन्हा वापरा' पुस्तिकांकडे येते. माझ्या टेबलावर अशा चार-पाच आहेत, काही यंत्रविक्रेत्यांच्या, काही प्रशिक्षणातल्या. नावं घेत नाही. कारण चूक एकाची नाही, सगळ्यांनी एकमेकांचं वाचून लिहिलेलं दिसतं. सल्ला साधारण असा: शेवटच्या विसळणीचं पाणी टाकीत साठवा आणि पुढच्या वेळी पहिल्या धुवणीला वापरा. मोठ्या डेअरी प्लांटमध्ये हे सर्रास करतात आणि बरोबरच करतात, कारण त्या पाण्यामागून गरम अल्कली येणारच असते. पण प्लांटमधली टाकी स्वतः धुतली जाते. गोठ्यावरची ती टाकी कोण धुणार, कधी, कशाने, यावर एकाही पुस्तिकेत ओळ नाही. दुधाचा अंश असलेलं कोमट पाणी बारा तास टाकीत, बाहेर उन्हाळा. जिवाणूंना याहून चांगलं आमंत्रण काय द्यायचं? आणि दुसरं, जे वाचून मी खरंच दचकले: आम्लाच्या फेरीनंतरचं पाणीही त्याच टाकीत सोडा म्हणतात. आपल्याकडे क्लोरीनवालं डिटर्जंट अजून सर्रास मिळतं. आम्ल आणि क्लोरीनचं द्रावण एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत, टाकीवर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर. ही गोष्ट ठळक अक्षरात असायला हवी होती.

'उरलेलं पाणी चाऱ्याला द्या' हेही सरसकट लिहिलेलं असतं. अल्कली म्हणजे बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम. तेच पाणी काळ्या जमिनीत नेपियरच्या त्याच दोन सऱ्यांना रोज द्याल, तर सोडियममुळे माती चोपण होऊ लागेल, पाणी मुरेनासं होईल. शेणाच्या पाण्यात मिसळून, जास्त क्षेत्रावर पसरून द्या, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

पण मला सर्वांत जास्त राग येतो तो आकड्यांचा. सहा युनिटचं पार्लर घ्या. टीगास्कच्या मापाने एक विसळणी ८४ लिटर. आधीची आणि नंतरची मिळून १६८, द्रावणाचे ५४. एका धुलाईचे २२२ लिटर. टाकी बसवून यातले वाचले ८४. आता खाली वाकून फरशी बघा. साध्या नळीखाली २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरत असेल, तर मिनिटाला ३० लिटर झाले. त्या नळीने अर्धा तास शेण धुवत बसलात की ९०० लिटर! आधी फावड्याने शेण ओढून घ्या, धार सुरू होण्याआधी फरशी ओली करा म्हणजे शेण चिकटत नाही, नळीच्या तोंडाला बंद होणारं नोझल लावा. पाणी तिथे वाचतं. पण फावडं कोणी विकायला येत नाही, टाकी विकायला येतात. फरशीच्या पाण्याला पुन्हा वापरायलाही काही हरकत नसते: न्यूझीलंडमध्ये सांडपाणी गाळून त्याने यार्ड धुतात, पण ते दूध काढण्याच्या जागेपासून लांब ठेवतात. दूध थंड करायच्या प्लेट कूलरमधून निघालेलं पाणी तर स्वच्छ आणि कोमट असतं, गाईंना प्यायला द्या, कास धुवायला घ्या. कुठलं पाणी कशाला शिवलंय, हा पहिला प्रश्न हवा. किती लिटर, हा दुसरा. पुस्तिका दुसऱ्यापासून सुरू होतात, आणि खरं सांगायचं तर संशोधनही बऱ्याचदा तेच करतं: 'प्रतिगाय प्रतिदिन लिटर' असा एक आकडा, ज्यात नळीतलं आणि शेणातलं पाणी एकाच रकान्यात.

यात शेतकऱ्याचा व्यवहार कुठे बसतो, हे मला एका गोठ्यावर कळलं. तिथल्या दादांना मी विचारलं, "शेवटची विसळणी का कमी करता?" ते म्हणाले, "ताई, नळीत पाणी राहिलं की डिग्री पडते. सेंटरवर एसएनएफ कमी लागला तर पैसे माझे जातात." बरोबर आहे त्यांचं. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला. नळीत मागे राहिलेलं पाणी लगेच कापलं जातं. नळीत मागे राहिलेल्या जिवाणूंना काही दर नाही, दूध उकळून बघताना फुटलं तरच त्यांची दखल, आणि तेव्हा सगळा कॅन परत. म्हणजे विसळणी कमी करायला रोज बक्षीस आणि नीट करायला काहीच नाही. याला दादांचं अज्ञान म्हणणं मला जड जातं. मी त्यांना एवढंच सुचवलं की पाणी कमी करू नका, नळीचा उतार आणि निचऱ्याचा कॉक बघा. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं तर एक क्लॅम्प सुटून नळी मध्येच झोळ खाऊन लोंबत होती. पाणी तिथे साचत होतं.

गाइडनी माझ्या प्रबंधातलं सिनरचं वर्तुळ काढू दिलं नाही. "परीक्षक शोधतील," म्हणाले. मग ठेवलंय. त्याच्या शेजारी नळीचा आडवा छेद काढलाय, अर्धी भरलेली, वरची बाजू कोरडी.