थप्पड पुस्तकात नाही

जॉन बॉलची 'इन द हीट ऑफ द नाइट' ही रहस्यकादंबरी १९६५ची. नॉर्मन ज्युइसनचा सिनेमा १९६७चा. दोन्हीत काळा डिटेक्टिव्ह व्हर्जिल टिब्ज अमेरिकेच्या दक्षिणेत, गोऱ्यांच्या गावात खुनाचा छडा लावतो.

पुस्तकातला टिब्ज अपमान गिळतो, डोक्यानं जिंकतो. तिथला एंडिकॉट संगीताचा शौकीन, भला गोरा. सिनेमात तोच कापसाच्या मळ्याचा मालक. तो टिब्जच्या थोबाडीत देतो. अन् टिब्ज तिथल्या तिथं परत हाणतो!

खुनी कोण ते विसरून जाल, ही थप्पड नाही. बॉलला हुशार काळा माणूस चालला, ही थप्पड सुचली नाही. इथं सिनेमा पुढं गेला.

पण ऑस्कर कुणाला? गोरा पोलीसप्रमुख झालेल्या रॉड स्टायगरला. टिब्ज झालेल्या सिडनी पॉइटियरला साधं नामांकनही नाही. सुधारणाऱ्याला बक्षीस. अन् ज्यानं सुधारायला लावलं, त्याला?