घुंगरं नसलेली काठी

दोस्तहो, ही समीक्षा पुस्तकाची नाही, भिंतीची आहे. आणि शेवटी शेवटी माझ्याच एका कवितेची आहे, तेव्हा मी कुणावर उगाच दात काढतोय असं समजू नका.

आंबोलीत चौकुळच्या बाजूला एक बंगला आहे. पावसाळ्यात धबधबा बघायला, बेडकांचे फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना तो भाड्यानं देतात. बंगल्याचं नाव लिहीत नाही, कारण माझी आई तिथं चादरी धुते. मालक चाळीस वर्षं जहाजावर होता. बंदरं फिरला, जिथं उतरला तिथनं काहीबाही आणलं. आता ते सगळं दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलंय. सेपिक नदीकाठचे मुखवटे, न्यू आयर्लंडचं कोरीव लाकूड, नागांचे दाव, बोर्निओची ढाल. प्रत्येकाखाली इंग्रजीत चिठ्ठी.

मी घाटावर, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेली तार जोडत फिरतो. शाळा दहावीला सुटली. इंग्रजी वाचायचं म्हणजे डिक्शनरी मांडीवर घेऊन. तरी एका सुट्टीला मी त्या भिंतीवरच्या सतराच्या सतरा चिठ्ठ्या उतरवून आणल्या. मालकानं हरकत घेतली नाही. माणूस वाईट नाही. 'अरे, तुला इंटरेस्ट आहे का यात?' म्हणाला, आणि आईला सांगून चहासुद्धा दिला. कप घरातलाच दिला, वेगळा नाही. हे लिहिलं पाहिजे.

आता चिठ्ठ्या. कवी माणूस आधी क्रियापद शोधतो. सतरा चिठ्ठ्यांत क्रियापद एकच : 'मिळवले'. बाकी नुसती नामं. 'मुखवटा. लाकूड, शिंपले, माणसाचे केस. विसावे शतक.' माणसाचे केस! कुणाचे? बाईचे का बाप्याचे, जित्याचे का मेल्याचे? लाकूड, शिंपले आणि माणूस एकाच रांगेत, मध्ये स्वल्पविराम. सतरा चिठ्ठ्यांत माणसाचं नाव एकच, तेही ज्यानं मिळवलं त्याचं. ज्यानं घडवलं तो 'सेपिक' नाहीतर 'नागा'. आमच्या पणज्याला गाव जसं 'म्हार' म्हणूनच हाक मारायचं, तसंच.

ह्या धंद्याचं एक गणित मला मालकानंच समजावलं. विकायला म्हणून बनवलेल्या मुखवट्याला भाव नाही. जो मुखवटा खरोखर नाचला, ज्याला धूर लागला, तेल लागलं, हाताचा मळ बसला, त्याला भाव. त्या मळाला बाजारात 'पॅटिना' म्हणतात. म्हणजे घामाचे पैसे आहेत, फक्त ते घामवाल्याला मिळत नाहीत आणि घाम वाळून शंभर वर्षं व्हावी लागतात. आमच्या गिरणीत घाम ताजा असतो म्हणून स्वस्त असेल.

पण न्यू आयर्लंडच्या त्या लाकडाची गोष्ट निराळी आहे. त्याला मलांगान म्हणतात. माणूस मेला की त्याच्या नावानं मोठा विधी करायचा, त्यासाठी महिनोन्‌महिने लाकूड कोरायचं, रंगवायचं, आणि विधी झाला की ते टाकून द्यायचं. कुजू द्यायचं नाहीतर जाळायचं. मेलेल्याचं देणं फिटलं, लाकडाचं काम संपलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोऱ्यांनी अशी हजारो मलांगानं उचलून युरोपात नेली. टाकायची वस्तू विकली गेली याचं त्या लोकांना फार वाईट वाटलं असेल असं नाही. एका परीनं तेही टाकणंच झालं. पण बघा, घडवणाऱ्याच्या लेखी जी वस्तू संपण्यातच पुरी होत होती, ती काचेत ठेवून कायमची अपुरी केली. हे मला भिंतीवरच्या कुठल्याच चिठ्ठीत सापडलं नाही. मालकालाही मी सांगितलं तेव्हा कळलं, आणि तो थोडा गप्प झाला.

ह्या बाजाराची खरी ताकद बघायची तर न्यूझीलंडच्या माओरींकडं बघा. मोठ्या माणसाचं गोंदलेलं डोकं ते मेल्यावर जपून ठेवत, मानानं. युरोपातनं गिऱ्हाईक आलं, डोक्याच्या बदल्यात बंदुका मिळायला लागल्या, तेव्हा पकडलेल्या गुलामांची तोंडं गोंदून त्यांची मुंडकी विकायला काढली गेली. म्हणजे आधी मागणी आली, मग मागणीच्या मापाचा माणूस तयार केला. 1831 साली सिडनीच्या गव्हर्नराला हुकूम काढून हा व्यापार बंद करावा लागला. तरी रॉब्ली नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं पुढं पस्तीसेक डोकी जमवलीच. त्यातली बहुतेक 1907 साली न्यूयॉर्कच्या म्युझियमनं विकत घेतली आणि 2014 साली परत केली. एकशेसात वर्षं.

हे लांबचं, जुनं वाटत असेल तर 2024 चा ऑक्टोबर घ्या. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ एका लिलावात नागा माणसाची कवटी आली, शिंगं लावलेली. साडेतीन ते चार हजार पौंड येतील असा अंदाज होता. नागालँडात बोंब झाली, मुख्यमंत्र्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं, तेव्हा ती मागं घेतली. त्याच ऑक्सफर्डातल्या पिट रिव्हर्स म्युझियमात नागांच्या सुमारे साडेसहा हजार वस्तू आहेत. तिथं मांडलेले मानवी अवशेष त्यांनी 2020 साली प्रदर्शनातनं काढले. आता नागा लोक आपले पूर्वज परत आणायचं बोलतायत. आणा. पण परत आणलेल्या पूर्वजाला ठेवायचं कुठं, पुरायचं कुठल्या रीतीनं, यावर त्यांच्यातच चर्चा चाललीय, कारण मधल्या काळात घराघरात ख्रिस्ती धर्म आला. जुनी रीत सोडलेल्या लेकरांनी जुन्या रीतीच्या बापाला घरात कसं घ्यायचं? हा प्रश्न वाचला आणि मी आमच्या दाराकडं बघितलं.

दाराकडं येतो. आधी पिंगुळी.

आमच्या आंबोलीवरनं घाट उतरला की सावंतवाडी, पुढं कुडाळजवळ पिंगुळी. तिथले ठाकर चित्रकथी करतात. पाठीला पाठ लावून चिकटवलेले चित्रांचे कागद, एका कथेची एक पोथी. चित्र पुढं धरायचं आणि रामायण-महाभारत गाऊन सांगायचं. शिवाय कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. सावंतवाडीच्या संस्थानचा आश्रय होता, देवळादेवळात खेळायचे मान होते. ही चित्रं पुण्या-मुंबईच्या आणि परदेशच्या संग्राहकांपर्यंत पोचली तेव्हा पुस्तकात नाव पडलं 'पैठण चित्रं'. पुण्याच्या केळकर म्युझियमातही ती आहेत. दिनकर केळकर (1896-1990) स्वतः 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरवात केली आणि सात वर्षांचा मुलगा गेला त्याचं नाव संग्रहाला दिलं. आज तिथं वीस हजारांवर वस्तू आहेत, दिवे, अडकित्ते, वज्री. मला ह्या माणसाबद्दल राग येत नाही. एका मेलेल्या पोरासाठी बापानं मांडलेलं मलांगानच ते, फक्त न टाकलेलं. तरी अडकित्ता बघताना मला सुपारी कातरणारा दिसतो, लोखंड तापवणारा दिसत नाही. ही म्युझियमच्या काचेची खोड आहे, एकट्या केळकरांची नव्हे.

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी 2006 साली आपल्या गुरांच्या गोठ्यात म्युझियम केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं मी गेलोय. वस्तू दाखवणारा आणि वस्तू वाजवणारा एकच माणूस. भिंतीवर टांगलेली बाहुली काढून तो तुमच्यासमोर नाचवून दाखवतो. चिठ्ठीची गरजच नाही, चिठ्ठीच्या जागी घरातलं माणूस बोलतंय.

पण गोम पुढं आहे. 1976 पर्यंत सरकारच्या यादीत ठाकर ही जमात काही ठरावीक जिल्ह्यांतच आदिवासी होती, आमचा जिल्हा त्यात नव्हता. 1976 च्या कायद्यानं ती जिल्ह्याची अट उठली. अट कागदावरनं उठली, कमिटीच्या डोक्यातनं नाही. सिंधुदुर्गातल्या ठाकराची पोरं जातपडताळणीला गेली की त्यांच्या चालीरीती, देव, लग्नाच्या पद्धती मूळ जमातीशी जुळतात का ते तपासायचे, आणि जुळत नाहीत म्हणून दावे फेटाळायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. सुप्रीम कोर्टानं 2023 च्या मार्चमध्ये ठाकूर जमातीच्याच एका प्रकरणात सांगितलं, की असं जुळवून बघणं ही काही शेवटची कसोटी नव्हे. आता ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवा. म्युझियमची चिठ्ठी म्हणते : आदिवासी कला. कमिटीचा कागद म्हणतो : आदिवासीपणा सिद्ध होत नाही. चित्र आदिवासी, चितारणारा नाही! संग्राहक आणि कमिटी दोघांना एकच माल पाहिजे, जुना, न बदललेला, पॅटिनासकट. पॅन्ट घातलेला, शिकलेला, बदललेला माणूस दोघांनाही बनावट वाटतो.

आता दार.

आमच्या दाराला आतनं अडसर म्हणून एक काठी आहे. पणज्याची म्हारकीची काठी. तिला वर घुंगरं होती. गावात फिरताना, सांगावा नेताना, ती आपटत चालायचं, म्हणजे पुढचा माणूस सावध होऊन बाजूला व्हायचा. बाबासाहेबांनी नागपूरला 1956 साली दीक्षा दिली, ती हाक पुढच्या वर्षी आमच्या वस्तीपर्यंत आली. आजा तेव्हा बावीस वर्षांचा. त्यानं देव्हाऱ्यातले देव उचलून नदीत सोडले, काठीची घुंगरं पक्कडीनं उपटली आणि फेकून दिली. काठी फेकली नाही. सागाची सरळ काठी, दाराला उपयोगी. तेव्हापासून ती रात्री आमचं दार धरून उभी असते.

आईच्या बोलण्यात कधीतरी काठीचा विषय निघाला असणार. मालक एका रविवारी घरी आला. काठी हातात घेतली, उजेडात फिरवली, वरच्या टोकाची भोकं बघितली.

'घुंगरं कुठायत रे?'

'आज्यानं काढली साहेब.'

'अरेरे. डॅमेज केलं. घुंगरांसकट असती तर पीस होता हा. बघ, पाच हजार देतो. घुंगरं जुन्या बाजारातनं आणून बसवून घेईन मी.'

डॅमेज. त्याला वाईट बोलायचं नव्हतं, त्याच्या धंद्यातला शब्द आहे. पण त्या काठीवर आमच्या घराण्यातल्या कुणी काही लिहिलं असेल तर ती भोकंच. पणज्यानं काठी घडवली नाही, निवडली नाही, ती गावानं हातात दिली. आज्यानं पक्कड लावली तेवढं आमचं. आणि तेवढंच भरून काढायला तो पाच हजार देत होता.

आई रात्री म्हणाली, 'घर गळतां. काठयेन पाऊस थांबतलो काय रे?' आंबोलीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांनी ह्या प्रश्नाला हसू नये. आणि आईचं चूकही नाही. आज्यानं जी गोष्ट अर्धी फेकली ती पुरी विकली तर काय बिघडलं? मलांगानवाले तेच करत होते ना? तेव्हा मला वाटलं होतं, आपण भिंतीबद्दल लिहू आणि मोकळे होऊ. पण मग मी मागच्या अंकातली माझी कविता काढून बघितली.

दोस्तहो, त्या कवितेत पणज्याची काठी आहे, आणि तिची घुंगरं वाजतायत. छान वाजतायत. काहीजणांनी पत्रं पाठवली, त्या घुंगरांची तारीफ केली. मी घुंगरं कधी बघितली नाहीत. माझ्या बापानंसुद्धा बघितली नाहीत. मला घरात माहीत आहे ती मुकी काठी, दाराशी उभी राहणारी. पण मुकी काठी कवितेत टाळी घेत नाही हे मला आत कुठंतरी माहीत होतं. मालकानं जुन्या बाजारातनं आणायची ठरवली ती घुंगरं मी फुकटात आणून बसवली होती. गुलामी वाजायला पाहिजे, ऐकणाऱ्याला काटा यायला पाहिजे! मागणी होती, मी माप दिलं.

आणि मी एकटा नाही. गेल्या काही अंकांतल्या आपल्या कविता घ्या. गळ्यातलं मडकं, कमरेचा झाडू, मेलेलं ढोर, उष्टी भाकर. ज्यांनी हे सोसलं आणि लिहिलं त्यांच्या पायाशी मी बसतो, त्यांच्याबद्दल हे नाही. हे आपल्याबद्दल आहे, मोबाइल खिशात घालून शिफ्टला जाणाऱ्यांबद्दल. मडकं आपल्याला कुठनं 'मिळालं'? आपल्या कवितेतही माणसाचं नाव नसतं. 'बाप', 'माय', 'आजा'. लाकूड, शिंपले, माणसाचे केस. माझ्या आज्याचं नाव मी कवितेत लिहिलं नाही. तो बावीस वर्षांचा होता हेही नाही. त्याच्या हातात पक्कड होती हे तर नाहीच, कारण पक्कड 'पारंपरिक' दिसत नाही. रिंगफ्रेमवर माझं बोट सोलतं, कापसाचा गर्दा छातीत जातो, कंत्राटावर आहे म्हणून कार्ड नाही, यावर माझी एकही कविता नाही. तो घाम अजून वाळला नाही ना.

नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांचा टाइपरायटर आणि कपडे ठेवलेत. तिथं वस्तू कुणाची ते पहिलं कळतं, मग वस्तू. एवढं साधं आहे ते. मला वाटतं कवितेत एवढं जमलं तर पुष्कळ.

काठीचं अजून ठरलेलं नाही. पत्र्यासाठी मी गिरणीत उचल मागितलीय. मालक गणपतीनंतर परत विचारणार आहे. आईनं विकायची म्हटली तर मी आड येणार नाही, फक्त त्यानं भोकं बुजवायची नाहीत आणि चिठ्ठीवर आज्याचं नाव आणि पक्कड लिहायची, ही अट घालीन. तो ऐकेल असं वाटत नाही.

संपादकांना विनंती : मागच्या अंकातल्या माझ्या कवितेतली चौथी आणि पाचवी ओळ, घुंगरांची, वाचकांनी खोडून वाचावी अशी सूचना ह्या अंकात छापावी. बदली ओळी अजून झालेल्या नाहीत.